इंजनाच्या हौदावरचा कोंडा

आमच्या गिरणीचा हौद चुकीच्या जागी बांधला होता. इंजन तेलावर चालायचं आणि तापायचं. त्याला थंड ठेवायला पाणी लागतं. पाण्याचा हौद इंजनापासून लांब, वेगळ्या पायावर बांधतात आणि नळीनं पाणी आणतात. सगळ्या गिरणीवाल्यांना हे माहीत असतं. माझ्या सासऱ्यांना माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यांना दगड वाचवायचे होते. त्यांनी इंजनासाठी दगडी ओटा बांधला आणि त्याला चिकटूनच, एकाच पायावर, हौद बांधला. इंजन बसवायला आलेला मिस्त्री म्हणाला, "मामा, हौद फुटन एक दिवस." सासरे म्हणाले, "फुटला तं तुलेच बोलावीन."

हौद फुटला नाही. पण इंजन सुरू झालं की ओटा हादरायचा, ओट्याबरोबर हौद हादरायचा आणि हौदातलं पाणी स्वस्थ बसायचं नाही.

यंदा तो हौद फोडायचं ठरलं. त्याआधी माझ्या धाकट्या जावेनं एकदा यावं, इंजन सुरू करावं, आणि आम्ही दोघींनी पुन्हा एकदा त्या पाण्याशेजारी उभं राहावं, एवढंच मला पाहिजे होतं. कोणाला हे वेड वाटेल. वाटू दे.

आमचं गाव बाजारहत्नूरच्या बाजूला, तेलुगू मुलखाच्या काठावर, कापसाच्या पट्ट्यात. आसपासच्या वाड्या, तांडे, आदिवासींचे गुडे सगळे आमच्याकडे दळायला यायचे. तेलुगू बाया तिला पिंडी गिरणी म्हणत, पिंडी म्हणजे पीठ, आम्ही नुसतं गिरणी म्हणायचो. मी चौथीपर्यंत शिकून लग्न करून आले, आणि दुसऱ्या वर्षापासून गिरणीतच उभी होते. नवरा जात्याकडे, दीर इंजनाकडे, मी डब्यांकडे. कोणाचा डबा आधी, कोणाचा नंतर, हे मी ठरवायचे. ज्वारीनंतर गहू चालतो, पण हरभऱ्यानंतर गव्हाचा डबा लावला तर बाई दुसऱ्या दिवशी पोळी घेऊन भांडायला येते. मला भांडणाचं काही वाटत नव्हतं. मी आवाजानं मोठी होते. इंजनावर आवाज चढवून चढवून माझा गळा तसाच राहिला, आता घरातसुद्धा सून म्हणते, आई, मी इथंच आहे.

हौदाकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. पाणी हालतं, हे दिसत होतं. त्यावर कोंडा तरंगतो, हेही दिसत होतं. गिरणीत कोंडा सगळीकडे असतो, पापण्यांवरसुद्धा.

मग धाकटी आली. पैनगंगेच्या पलीकडची. दिसायला बारीक, कामाला ठीक, आणि एका जागी उभी राहून बघत बसायची खोड. आल्यावर पहिल्याच हंगामात मी पाहिलं, ही हातात सूप घेऊन हौदाजवळ खांबासारखी उभी.

"काऊन वं," मी ओरडले, "पीठ काय तुया बाप भरन?"

"बाई, या ना इकडे. पाहा ना हे."

"काय पाहू? पाणी हाये."

"पाणी नाई वं बाई. कोंडा पाहा."

मी तिला ढकलायला म्हणून गेले आणि पाहिलं.

पाण्यावर चौकटी पडल्या होत्या. गोधडीला आडवे-उभे टाके घालतात तशा. काही जागी पाणी टुणटुण उड्या मारत होतं आणि मधल्या रेषांवर शांत होतं. उड्या मारणाऱ्या जागा हालत नव्हत्या, तिथल्या तिथे वरखाली. आणि कोंड्याचे कण, थोडेच होते त्या दिवशी, सगळे त्या उड्या मारणाऱ्या जागांवर जाऊन बसले होते. दोन इथं, चार तिथं, एकमेकांना धरून. मला वाटलं होतं, पाणी उडवतं आहे तिथून कोंडा पळेल. तो उलट तिथंच जात होता.

"असं काऊन करते ते?" तिनं विचारलं.

"मले काय मालूम? मी काय हौदात राह्यते?"

पण दुपारी गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा मी परत गेले. ती तिथं होतीच. तिनं जमिनीवरचा कोंडा मुठीनं उचलला आणि हौदात टाकला. उड्या मारणाऱ्या जागांवरचे कण आधी गोंधळले. मग त्यांच्या दोऱ्या झाल्या, लांब, वाकड्या. दोऱ्या इकडून तिकडे फिरायला लागल्या, तुटायच्या, दुसऱ्या दोरीला लागायच्या, कुठंच थांबेनात. तिनं आणखी एक मूठ टाकली. आता सगळा कोंडा उड्या मारणाऱ्या जागा सोडून शांत रेषांवर गेला. हौदावर कोंड्याची जाळी झाली, मध्ये मध्ये रिकामी पाण्याची भोकं, आणि त्या भोकांत पाणी एकटंच उड्या मारत बसलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "थोडा असला तं उड्यावर जाते. लई झाला तं रेघेवर जाते. मधात असला तं नुसता फिरते."

"कोंडाच हाये तो," मी म्हटलं. "त्याले काय अक्कल."

"माणसाचं बी तसंच असते, बाई. लग्नात पाहा. दोघंचौघं असले तं डफड्याच्या जवळ जातेत. लई वऱ्हाड आलं की सगळे भिंतीले टेकतेत."

मला अशी तुलना आवडत नाही. कोंडा कोंडा असतो. पण ती म्हणाली ते खरं होतं.

त्यानंतर तो आमचा खेळ झाला. खेळ हा शब्द सासूसमोर उच्चारायची सोय नव्हती, म्हणून आम्ही "पाणी पाहून येते" म्हणायचो. पाणी कमी झालं का, तापलं का, ते पाहायला कोणीतरी जावंच लागायचं. दोघी एकदम गेलो तर सासू म्हणायची, "हौदाले दोघी सुना काऊन लागतेत वं? म्हैस हाये का पाजायले?"

इंजन नुसतं सुरू असलं, जात्याचा पट्टा चढवला नसला, तर पाणी फक्त थरथरायचं. कोंडा एकत्र यायचा नाही. पट्टा चढला, दिरानं वेग वाढवला, की चौकटी पडायच्या. वेग आणखी वाढला की चौकटी बारीक व्हायच्या. कोंडा पुन्हा उठून नव्या जागा धरायचा. ही बदलाबदली तिला सगळ्यात जास्त आवडायची. ती दारातून नवऱ्याकडे पाहून बोट वर करायची, जरासं वाढवा. दीर नवा नवरा होता. तो वाढवायचा.

एकदा असाच त्यानं वेग वाढवला आणि तांड्यावरच्या एका बाईचं पीठ जात्यातून तापून करपट निघालं. बाईनं चिमूट तोंडात टाकली आणि जातं चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या अंगावर थुंकली.

"हे पीठ हाये का राख?"

नवरा दिरावर ओरडला, "इंजन काऊन पळवून राह्यला रे?" दीर गप्प. दिराच्या मागे धाकटी गप्प. मी तिच्या मागे, मीही गप्प. सासरे आत आले, सगळ्यांकडे पाहिलं, हौदाकडे पाहिलं, हौदावरची बारीक बारीक जाळी पाहिली आणि म्हणाले, "हौद मीच बांधला. चूक मायीच हाये." त्या बाईला घरातली ज्वारी दळून दिली. पाण्याचा विषय त्यांनी पुढे कधी काढला नाही. मला वाटतं, तेही पाहत असावेत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, इंजनाची पूजा असायची. इंजन धुवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि मग एकदा सुरू करायचं. माळेच्या पाकळ्या हौदात पडायच्या. त्या दिवशी हौद स्वच्छ असायचा, नवं पाणी असायचं, कोंडा नसायचा. नुसत्या पिवळ्या, केशरी पाकळ्या. इंजन धडधडलं की त्या उड्यांच्या जागांवर पोचायच्या आणि तिथंच फिरायच्या. शेजारची तेलुगू बाई म्हणायची, "आम्ही फुलांची बतकम्मा तळ्यात सोडतो, तुमची घरातच नाचते." त्या बाईला आम्ही तिळगुळालाही बोलावायचो आणि नारळालाही.

असं किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. पोरं झाली, सासू गेली, सासरे गेले. मग दीर म्हणाला, मी पलीकडे जातो. किनवटजवळ तिच्या माहेरची जागा होती, तिथं गिरणी नव्हती. भांडण झालं नाही. एका गिरणीवर दोन घरं किती दिवस खाणार. त्यानं दुसरं इंजन घेतलं, आम्ही हे ठेवलं. देव आमच्याकडे राहिले, कारण आम्ही थोरले. आमच्यात तसंच आहे. देव थोरल्या घरी राहतात. धाकट्यांनी सणाला थोरल्या घरी यायचं. लग्नकार्य सोडलं तर थोरलीनं धाकटीच्या दारात जायचं नाही. हा कायदा कोणी लिहिलेला नाही, पण मोडायची हिंमतही कोणी केलेली नाही.

त्यामुळे ती दर खंडेनवमीला यायची. पहिल्या वर्षी आली ती चुलीकडे न जाता सरळ गिरणीत गेली. मी मागून गेले.

"तिकडे कसं हाये?"

"बरं हाये."

"गिऱ्हाईक?"

"येते." ती हौदाकडे पाहत होती. "तिकडचं पाणी हालत नाई, बाई."

"इंजन चालत नाई का?"

"चालते. लई चांगलं चालते. त्यायनं हौद लांब बांधला. वेगळा पाया घेतला. मिस्त्रीनं सांगितलं तसा. नुसतं तापते पाणी. कोंडा पडून राह्यते, शेवाळावानी."

मी हसले. दिरानं बापाची चूक सुधारली होती आणि बायकोचं नुकसान केलं होतं. त्याला सांगितलं असतं तर तो बिचारा हौद फोडून इंजनाला चिकटवून बांधायला बसला असता. तिनं सांगितलं नाही. मीही नाही.

मग वीज आली, भरवशाची वीज. आम्ही विजेची गिरणी लावली, जुन्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला. बटण दाबलं की सुरू. तिचाही ओटा आहे, तोही हादरतो, पण बारीक, दातात कुसळ गेल्यासारखा. मी एकदा परातीत पाणी घेऊन तिच्याजवळ ठेवलं, वर कोंडा टाकला. पाणी नुसतं शहारलं, कोंडा काठाला जाऊन चिकटला. मी परात उलटी केली आणि भांडी घासायला घेतली.

इंजन जागच्या जागी राहिलं. हौद कोरडा पडला, सुनेनं त्यात गोवऱ्या ठेवल्या. खंडेनवमीला मी गोवऱ्या काढायला लावायचे, पाणी भरायला लावायचे, आणि नवरा इंजनाला हँडल मारायचा. दीर असला तर दीर. दोघांना दम लागायला लागला तेव्हा दोघं मिळून. नवरा गेल्यावर माझा मुलगा. तीन-चार दणक्यांत इंजन धूर सोडून सुरू व्हायचं, आम्ही दोघी हौदाशी, आणि थोड्या वेळानं मुलगा म्हणायचा, "झालं का?" आम्ही म्हणायचो, झालं. मग दीर गेला, तरी ती आली. पांढरं कपाळ घेऊन आली, गाडीतून उतरली, गिरणीत गेली, पाणी पाहिलं, मग रडली. मी तिला रडू दिलं. मला रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं ते समजत नाही. मी कोंडा टाकत राहिले.

यंदा पावसात जुन्या खोलीची मागची भिंत बसली. मुलगा म्हणाला, आई, आता हे पाडून पक्कं बांधतो. त्याचं बरोबर होतं. इंजन भंगारात द्यायचं ठरलं. इंद्रवेल्लीकडचा भंगारवाला येऊन पाहून गेला, म्हणाला, ओटा फोडूनच निघेल. ओटा फुटला म्हणजे हौद फुटला. एकाच पायाचे ते.

मी मुलाला म्हटलं, "खंडेनवमी झाल्यावर दे. तुयी काकू येते तोवर."

त्यानं मान्य केलं. मग पोळा झाल्यावर फोन आला, काकू न्हाणीत घसरली, मांडीचं हाड मोडलं.

मी फोन केला. तिच्या सुनेनं तिच्या कानाशी धरला.

"काऊन वं, चालता येत नाई तुले? म्हातारपणी काय नाचत होती न्हाणीत?"

"साबण होता, बाई."

"साबण सगळ्यायच्या घरी असते."

ती हसली आणि हसताना तिला दुखलं, ते मला ऐकू आलं. मग म्हणाली, "हौद फोडू नोका मी येतपर्यंत. येते मी. खंडेनवमीले उभी राह्यते पाहा."

"येशील?"

"येते म्हटलं ना. तुमी थांबवा फक्त."

मी थांबवलं. मुलगा ताडपत्री टाकलेल्या भिंतीकडे रोज पाहायचा. कापूस घरात यायची वेळ, ठेवायला जागा नाही. मला दिसत होतं. तरी मी थांबवलं. मी रोज फोन करत नाही कोणाला, पण तिला करायचे. उठली का? बसते बाई. बसली का? उशीला टेकून. डॉक्टर काय म्हणते? म्हणते, घाई करू नोका. मग मी विचारायचे, घाई कोणाले हाये? आणि घाई मलाच होती.

इतक्या वर्षांत मी तिची वाट पाहिली ती फक्त सणापुरती. सणाच्या आदल्या दिवशी वाट पाहायची, आल्यावर कामाला लावायची, गेल्यावर विसरायची. यंदा पहिल्यांदा अशी वाट पाहिली की भाकरी थापता थापता हात थांबायचा. मला ते आवडलं नाही. पण थांबवता आलं नाही.

खंडेनवमी आली. ती आली नाही. तिचा मुलगा म्हणाला, मोठ्या आई, गाडीत बसवली तर हाड पुन्हा सरकेल.  त्यानं आईचं हाड सांभाळायचं का माझा हौद?

माझ्या सुनेनं तोड काढली. "फोनवर दाखवू. व्हिडीओ लावते मी. काकूला सगळं दिसेल."

मुलानं नार्नूरहून एक म्हातारा मिस्त्री आणला, कारण वर्षभर उभं राहून इंजन आखडलं होतं. त्यानं खोललं, पुसलं, डब्यात उरलेलं डिझेल ओतलं. आम्ही हौद धुतला, पाणी भरलं. कोंडा शोधायला वेळ लागला. आता लोक रेशनचा तांदूळ खातात, गिरणीवर येतात त्या मिरच्या आणि हळद. ज्वारी थोडी. शेवटी माझ्याच घरची ज्वारी पाखडून मी कोंडा काढला. माळ घातली, नारळ फोडला. पलीकडे फोनच्या काचेत तिचं तोंड दिसत होतं, उशीवर, केस विंचरलेले. नवीन लुगडं नेसून बसली होती. बसली नव्हती, टेकली होती.

"दिसते का वं?" मी विचारलं.

"तुमचं नाकच दिसते, बाई. जरा मागं व्हा."

मिस्त्रीनं हँडल मारलं. एकदा, दोनदा. मग इंजन खोकलं, धूर सोडला आणि सुरू झालं. सगळी खोली धडधडायला लागली, मागच्या भिंतीची माती खाली गळायला लागली. मुलगा ओरडला, लवकर पाहा. मिस्त्रीनं पट्टा चढवला. पाणी उठलं.

चौकटी पडल्या. अगदी तशाच. मी कोंड्याची मूठ टाकली. सुनेनं फोन हौदावर धरला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. ओटा हादरत होता, सून हादरत होती, फोन हादरत होता.

धाकटी काहीतरी ओरडत होती. तिचं तोंड उघडत-मिटत होतं.

"काय म्हणते?" मी ओरडले.

"काही ऐकू येत नाही, आई!"

मी फोनजवळ तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, कोंडा रेघेवर गेला, जाळी झाली, मधात पाणी उडून राह्यलं. माझा गळा इंजनावर चढणारा गळा आहे, पण फोनच्या आत त्याचं काही चाललं नाही. तिनं हात हालवला, नाही नाही असा. मग मी ओरडणं सोडलं आणि पाण्याकडे पाहिलं. माझ्या बाजूला जिथं ती उभी राहायची तिथं कोणी नव्हतं. सून दुसऱ्या काठाला होती. मी पाहिलं खरं, पण मनासारखं पाहिलं नाही. कोंडा जाळीत बसला होता आणि ती जाळी हळूहळू सगळी मिळून एका बाजूला सरकत होती, जशी दुपारी झाडाची सावली सरकते. हे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल आणि तिनं दाखवलं नसेल. मला तिला हाक मारायची होती. इंजनानं एक आचका दिला आणि बंद पडलं.

डिझेल संपलं होतं.

पाणी थोडा वेळ हाललं, मग सपाट झालं. खोलीत एकदम तिचा आवाज भरला.

"काईच दिसलं नाई वं बाई! नुसतं पांढरं पांढरं. थरथर. किती कोंडा टाकला?"

"मूठभर."

"मूठ? सुरवातीलेच मूठ? चिमूट टाकायची होती आधी. उड्यावर बसतेत ते नाई पाह्यलं तुमी?"

"नाई."

"अर्रे माय." ती खरोखर चिडली होती. "पुन्हा लावा. आता मी नीट पाह्यते. फोन टांगा कुठं."

मी मिस्त्रीकडे पाहिलं. त्यानं डिझेलचा रिकामा डबा उलटा करून दाखवला. मुलगा म्हणाला, "मी आणतो अजून डिझेल," आणि तेवढ्यात मागच्या भिंतीचा आणखी एक तुकडा खाली आला, मिस्त्रीच्या पायाशी. धूळ खाली बसल्यावर तो मिस्त्री म्हणाला, "अम्मा, नको आता. माणूस मरेल." मी धुळीत उभी होते. मी म्हटलं, नको.

फोनमध्ये ती वाट पाहत होती. "काय झालं? लावलं का?"

"नाई लागत आता," मी म्हटलं. "झालं."

 फोन गप्प झाला. सून म्हणाली, तिकडून कापला.

दसरा झाल्यावर भंगारवाला आला. मी खोलीत गेले नाही. घणाचे आवाज येत होते ते ऐकत मी दारात लसूण सोलत बसले. भरपूर लसूण सोलला, आठवडाभर पुरला. संध्याकाळी मुलानं सांगितलं, हौदाचे दगड एकदम मजबूत निघाले, आजोबांनी चुन्यात बसवले होते. मी म्हटलं, बरं.

त्यानंतर ती फोन उचलेना. तिची सून उचलायची, म्हणायची, झोपल्या. सकाळी झोपली, दुपारी झोपली. एवढं कोणी झोपत नाही. चिडली होती, हे मला कळत होतं. हौद थांबवा म्हणाली होती, मी थांबवला नाही. आणि ती येते म्हणाली होती, ती आली नाही. दोघींचं सारखंच झालं होतं.

मी मुलाला विचारलं, किनवटची बस कधी आहे.

तो म्हणाला, "काकूकडे? कोणाचं काय आहे तिकडे?"

"कोणाचं काई नाई."

"मग तू कशी जाते? तू थोरली."

"थोरली हावो म्हणून पाय तुटले का माये?"

त्यानं आधार कार्ड हातात दिलं. नदीच्या अलीकडे, आपल्या राज्याच्या हद्दीपर्यंत बायांना बस फुकट आहे, कंडक्टर कार्ड पाहतो. नदी ओलांडल्यावर तिकीट काढलं. खिडकीत बसले. बाजूची बाई विचारत होती, लग्न आहे का, तेरवी आहे का. मी म्हटलं, काही नाही. तिला ते पटलं नाही, ती पुढच्या जागेवर गेली.

दार तिच्या सुनेनं उघडलं आणि तशीच उभी राहिली. "मोठ्या आई? तुमी? काय झालं?"

"काई नाई झालं. सरक."

धाकटी आतल्या खोलीत खाटेवर होती. मला पाहून उठायला लागली, पाया पडायला. मी हातानं दाबून बसवली.

"मोडशील पुन्हा. पड."

"तुमी कायले आल्या, बाई? लोक काय म्हणतीन? देव कोण पाहून राह्यलं घरचे?"

"देवाले सुनेवर सोडलं. तुयं हाड जुळलं का पाहाले आली."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळानं भिंतीकडेच तोंड ठेवून विचारलं, "नेलं इंजन?"

"नेलं."

"हौद?"

"फोडला."

"मी म्हटलं होतं थांबवा."

"तू म्हटलं होतं येते."

तिच्या सुनेनं चहा आणला, दोघींकडे पाहिलं आणि कप खिडकीत ठेवून निघून गेली. बाहेर कोणाच्या तरी कोंबड्या भांडत होत्या. मी उभीच होते, बसायला खुर्ची नव्हती, आणि मागितली नव्हती. शेवटी ती खाटेवर भिंतीकडे सरकली, एक हात मांडीवर धरून, हळूहळू, दात आवळत, माझ्यापुरती जागा होईपर्यंत. मी बसले.

"मले फोनवर काईच नाई दिसलं," ती म्हणाली. "सांगा आता. सुरवातीपासून सांगा. चिमूट न टाकता मूठ टाकली, तिथून नोका सांगू. त्याच्या आधीचं."

मी सांगायला लागले. मिस्त्री कसा होता, ते. तिनं विचारलं, किती म्हातारा. सांगितलं. हौद कोणी धुतला, तिनं विचारलं, कशानं धुतला, नारळ एका दणक्यात फुटला का. पाकळ्या कोणत्या होत्या, यंदाच्या झेंडूला रंग होता का. मी एक सांगायचे, ती चार विचारायची. परतीची शेवटची बस निघून गेली तेव्हा आम्ही अजून इंजनाला हँडल मारण्यापर्यंतच पोचलो होतो.